अनेक हातांचा ग्रंथ : महाभारताची चिकित्सित आवृत्ती आणि विद्वत्सहकार्याचे स्वरूप

महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा भारतातील बहुतेक भाषांच्या वाचकांना लहानपणापासून ठाऊक असते. लेखणी क्षणभरही थांबता कामा नये, ही गणपतीची अट. आणि अर्थ कळल्यावाचून एक अक्षरही लिहावयाचे नाही, ही व्यासांची उलट अट. महाग्रंथ एकट्याच्या हातून होत नाही, त्याला निदान दोघांचा करार लागतो, एवढे लोकपरंपरेनेही मान्य केले होते असे म्हणावयास हरकत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीत मात्र ही कथा मुख्य संहितेत आढळत नाही. ती आदिपर्वाच्या परिशिष्टात, पहिल्या क्रमांकावर, छापलेली आहे. प्राचीन आणि परस्परस्वतंत्र अशा हस्तलिखित-परंपरांचा तिला एकमुखी आधार मिळत नाही, हे त्याचे कारण. एका दिव्य लेखनिकाची कथा परिशिष्टात गेली आणि भूर्जपत्रांवर, ताडपत्रांवर व कागदांवर शतकानुशतके लिहीत आलेल्या असंख्य अनाम लेखनिकांची साक्ष मुख्य पानावर आली.

या आवृत्तीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते बहुतेक पाठचिकित्सेच्या दृष्टीने, म्हणजे कोणता श्लोक मूळचा आणि कोणता प्रक्षिप्त या प्रश्नाभोवती फिरणारे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू थोडा वेगळा आहे. १९१९ पासून १९६६ पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, अनेक प्रांतांतील आणि अनेक पिढ्यांतील माणसांनी एक काम कसे चालविले. त्यात एकेका व्यक्तीचा वाटा काय होता. आणि त्या वाट्यांची केवळ बेरीज न होता भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासाची दिशाच बदलावी असे त्यात काय होते, हे येथे पाहावयाचे आहे.

१

या कल्पनेचा उगम पुण्यात झालेला नाही. १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मोरिझ विंटरनिट्झ यांनी महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची आवश्यकता प्रतिपादन केली. पुढे युरोपातील विद्वत्संस्थांनी तो विषय हाती घेतला आणि हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये आदिपर्वाच्या आरंभीच्या काही श्लोकांचा एक नमुना छापून दाखविला. त्यानंतर पहिले महायुद्ध आले. ज्या राष्ट्रांतील पंडितांनी एकत्र बसावयाचे ती राष्ट्रे परस्परांविरुद्ध लढू लागली आणि ती योजना तेथेच थांबली.

१९१७ साली पुण्यात भांडारकर संस्थेची स्थापना झाली आणि लवकरच तिने हे काम आपल्याकडे घेण्याचे ठरविले. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कार्यासाठी एक लक्ष रुपये देण्याचे वचन दिले. स्वतः चित्रकार असल्यामुळे हा ग्रंथ सचित्र व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. त्या वेळी ते एक्याऐंशी वर्षांचे होते. या कामाची अखेर आपल्याला पाहावयास मिळणार नाही, हे त्यांना दिसत असणारच. १९२५ साली ते निवर्तले, तेव्हा एकही पर्व अंतिम स्वरूपात बाहेर पडलेले नव्हते. आरंभ करणाऱ्याने शेवट पाहू नये, हे या कार्याच्या स्वरूपातच होते. पुढे जे जे त्यात आले, त्यांतील बहुतेकांना ही गोष्ट मनाशी मान्य करूनच यावे लागले.

द्रव्यसाहाय्याकडेही या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. एका संस्थानिकाच्या दानाने आरंभ झाला, तरी काम चालले ते सरकारे, विद्यापीठे आणि संस्थाने यांच्या वर्षानुवर्षांच्या अनुदानांवर. हैदराबादच्या निजामांनीही त्यात आपला वाटा उचलला. संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृह त्या संबंधाची आठवण देत आजही उभे आहे.

२

सहकार्याचा खरा पाया मात्र पैशात नव्हता, पद्धतीत होता. तो समजून घेण्यासाठी सामग्रीकडे वळले पाहिजे.

महाभारताची हस्तलिखिते ज्या लिप्यांत आढळतात त्यांची नुसती यादी केली तरी देशाचा नकाशा डोळ्यांपुढे येतो : काश्मीरची शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली आणि देवनागरी ही उत्तरेकडील; तेलुगू, ग्रंथ आणि मलयाळम ही दक्षिणेकडील. संस्थेच्या नोंदीप्रमाणे या कार्यात १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. ती सर्व पुण्यात आणणे शक्य नव्हते. म्हणून पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पाठतुलनेची केंद्रे चालविली गेली. विश्वभारतीत विधुशेखर भट्टाचार्य यांच्या देखरेखीखाली बंगाली पोथ्यांचे काम झाले. तंजावरच्या सरस्वती महालाच्या आश्रयाने दक्षिणेकडील पोथ्यांचे झाले.

तीन ठिकाणी, निरनिराळ्या लिप्या वाचणारे आणि निरनिराळ्या मातृभाषा बोलणारे शास्त्री एकच काम करीत असताना त्यात एकवाक्यता कशी यावी? त्यासाठी जो तक्ता ठरविण्यात आला तो अगदी साधा होता. आखलेल्या मोठ्या कागदाच्या माथ्यावर प्रचलित छापील प्रतीतील श्लोक लिहावयाचा, एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. पोथीतील अक्षर वेगळे असेल तेथेच, त्या अक्षराच्या खालच्या चौकटीत, ते भरावयाचे. उजवीकडे रुंद समास ठेवलेला. अधिक श्लोक, दुरुस्त्या, पोथीच्या काठावरील टिपणे ही त्यात नोंदवावयाची. अधिक मजकूर फार मोठा असेल तर तो वेगळ्या शोधपत्रांवर उतरून जोडावयाचा. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने पोथीशी ताडून पाहावयाची. ग्रंथाचा प्रत्येक भाग निदान दहा पोथ्यांशी ताडला गेला. पुष्कळ भाग वीस पोथ्यांशी, काही तीस वा चाळीस पोथ्यांशी. आणि आदिपर्वाचे पहिले दोन अध्याय तर साठ पोथ्यांशी.

हा तक्ता भरणाऱ्या शास्त्र्यांना पाठ निवडण्याचा अधिकार नव्हता. पोथीत अशुद्ध असेल तर अशुद्धच उतरवावयाचे. आपल्या व्याकरणज्ञानाने ते सुधारावयाचे नाही. जन्मभर शुद्धाशुद्धाचा विवेक केलेल्या पंडिताला हे किती जड गेले असेल, याची कल्पना अशा कामाशी परिचय असलेल्या वाचकांना सहज येईल. परंतु या संयमाशिवाय पुढचे सारेच निष्फळ ठरले असते. मध्ययुगातील एखादा हुशार लेखनिक नकलताना दुर्बोध शब्दाच्या जागी सुबोध शब्द घालीत गेला, म्हणूनच तर पाठ बिघडले होते. तीच चूक विसाव्या शतकातील नोंदणीत होऊ द्यावयाची नव्हती.

३

ही नोंद एवढ्या काटेकोरपणे कशासाठी, याचे उत्तर विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वाला जोडलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेत मिळते. १९२५ साली ते प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला त्यांनी गणिताचा अभ्यास केला होता आणि बर्लिनला, ज्या ल्यूडर्स यांनी १९०८ चा नमुना छापला होता त्यांच्याच हाताखाली, डॉक्टरेट मिळविली होती. युरोपात थांबलेला धागा अशा रीतीने एका शिष्याच्या द्वारे पुण्यात येऊन जुळला.

सुकथनकरांचे प्रमेय थोडक्यात असे मांडता येईल. हस्तलिखिते म्हणजे साक्षीदार. साक्षीदारांची संख्या महत्त्वाची नाही. त्यांचे परस्परस्वातंत्र्य महत्त्वाचे आहे. एकाच पोथीवरून उतरविलेल्या पन्नास पोथ्या एकच गोष्ट सांगत असतील तर ती साक्ष एकाचीच. उलट काश्मीरमधील शारदा पोथी आणि केरळातील मलयाळम पोथी, ज्यांच्या लेखनिकांना परस्परांची लिपीही वाचता आली नसती, एखाद्या शब्दावर एकमत असतील, तर तो शब्द त्या दोन परंपरा विलग होण्यापूर्वीचा असला पाहिजे, असे अनुमान करता येते. अंतर जितके अधिक तितके एकमताचे मोल अधिक.

या तत्त्वाचा विस्तार पोथ्यांच्या पलीकडेही करता येतो. अनेकांनी एकत्र येऊन एकाच सुरात बोलणे म्हणजे सहकार्य, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. येथे दिसते ते निराळे आहे. प्रत्येकाने आपल्या ठिकाणी, आपल्या परंपरेशी प्रामाणिक राहून केलेले काम जेव्हा समान चौकटीत शेजारीशेजारी मांडले जाते, तेव्हा जे एकट्याला कधीही दिसले नसते ते दिसू लागते. केरळातील लेखनिकाने काश्मीरचा विचार करून लिहिले असते तर त्याची साक्ष निरुपयोगी झाली असती. तो आपली पोथी नीट नकलीत राहिला, एवढाच त्याचा वाटा. आणि तेवढाच पुरेसा ठरला.

जेथे उत्तर आणि दक्षिण यांचे एकमत होत नाही तेथे काय करावयाचे, हा पुढचा प्रश्न. संपादकाला काहीतरी छापावे तर लागतेच. अशा ठिकाणी सुकथनकरांनी अधिक संभवनीय वाटणारा पाठ स्वीकारला आणि त्याच्याखाली नागमोडी रेघ दिली. या रेघेचा अर्थ, ‘येथे आमची खात्री नाही’. आवृत्तीची पाने उलटताना ही रेघ वारंवार भेटते. उरलेले सर्व पाठभेद तळटीपांत, आणि मोठे अधिक भाग परिशिष्टांत, कोणत्या पोथीत काय आहे त्याच्या संकेताक्षरांसह दिलेले असतात.

या मुद्रणपद्धतीकडे केवळ तांत्रिक सोय म्हणून पाहणे योग्य होणार नाही. संपादकाने निर्णय दिला आहे आणि त्या निर्णयाविरुद्ध जाण्याची सर्व साधने वाचकाच्या हातीही ठेवली आहेत. ज्याला सुकथनकरांचा पाठ मान्य नाही त्याने तळटीपांतून आपला पाठ उभारावा. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाल्यावर नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज यांच्याद्वारे आदिपर्वाची एक अतिशय जुनी पोथी उजेडात आली. सुकथनकरांनी तिचे पाठ आपल्या छापील संहितेशी ताडून पाहिले आणि त्यांवर स्वतंत्र लेख लिहिला. नवा साक्षीदार आपली बाजू घेईल की आपल्याविरुद्ध बोलेल, हे आधी ठाऊक नसतानाही त्याला बोलावणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. त्या पोथीने त्यांच्या निर्णयांना बऱ्याच अंशी पुष्टी दिली. पण दिली नसती तरी तो लेख लिहिला गेला असता, असे त्यांची एकंदर रीत पाहता वाटते.

४

आता व्यक्तींकडे वळू. अशा कार्यात कोणाचे नाव राहते आणि कोणाचे विरून जाते, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

सुकथनकरांच्या आधी नारायण बापूजी उटगीकर यांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती सिद्ध केली आणि ती १९२३ मध्ये विद्वानांच्या अभिप्रायार्थ प्रसिद्ध झाली. तिच्यावर चर्चा झाली, उणिवा दाखविल्या गेल्या, आणि त्या चर्चेतून पुढील पद्धत अधिक पक्की झाली. १९३६ साली लाहोरचे डॉ. रघु वीर यांनी सिद्ध केलेले विराटपर्व अंतिम म्हणून बाहेर पडले आणि उटगीकरांची आवृत्ती मागे पडली. आज ती फारसे कोणी उघडत नाही. तथापि, पहिल्याने प्रयोग करून दाखविला नसता तर दुसऱ्याला सुधारण्यासाठी काहीच मिळाले नसते. मागे पडण्यासाठी केलेले काम हेही काम असते, हे विद्याक्षेत्रात फार क्वचित मान्य केले जाते.

पर्वांच्या संपादकांची नावे पाहिली तर या कार्याचा पल्ला ध्यानात येतो. उद्योगपर्व आणि द्रोणपर्व सुशीलकुमार डे यांनी केले. त्यांपैकी पहिले १९४० मध्ये, ते ढाका विद्यापीठात असताना, निघाले आणि दुसरे १९५८ मध्ये. त्या दोन तारखांच्या मध्ये देशाची फाळणी झाली. ढाका आणि लाहोर ही दोन्ही शहरे सीमेपलीकडे गेली. सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी केले आणि ते दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, प्रसिद्ध झाले. सौप्तिकपर्व ह. दा. वेलणकर यांनी, कर्णपर्व प. ल. वैद्य यांनी, शल्य आणि अनुशासन ही पर्वे रा. ना. दांडेकर यांनी, आश्वमेधिकपर्व र. दा. करमरकर यांनी. पहिल्या महायुद्धाने जी योजना मोडली होती, ती दुसऱ्या महायुद्धाने आणि फाळणीनेही मोडली नाही. याचे श्रेय पद्धतीला दिले पाहिजे. तक्ते भरून ठेवलेले होते. संकेत ठरलेले होते. एक माणूस गेला तरी दुसरा त्याच जागेपासून पुढे जाऊ शकत होता.

याची कसोटी १९४३ मध्येच लागली. त्या वर्षी जानेवारीत सुकथनकर मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने देत होते. तीन झाली, चौथे व्हावयाचे त्या दिवशी, २१ जानेवारीला, त्यांचे निधन झाले. वय पंचावन्न. आदिपर्व आणि आरण्यकपर्व ही त्यांनी स्वतः संपादिलेली दोन पर्वे छापून झाली होती. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर प्रमुख संपादक झाले. त्यांनी भीष्मपर्व, प्रचंड विस्ताराचे शांतिपर्व आणि अखेरची लहान पर्वे सिद्ध केली. १९६१ नंतर प. ल. वैद्य आले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते पुण्यात अठराही पर्वे पूर्ण झाल्याची घोषणा झाली. सुकथनकरांच्या प्रतिभेने हे कार्य उभे राहिले असे म्हणणे खरे आहे. पण त्यांच्या प्रतिभेचा सर्वांत मोठा पुरावा असा की, त्यांच्यावाचून ते तेवीस वर्षे चालू राहिले.

तक्ते भरणाऱ्या शास्त्र्यांची नावे मात्र मुखपृष्ठांवर नाहीत. खंडांच्या निवेदनांतून त्यांचा कृतज्ञ उल्लेख येतो आणि तेथेच संपतो. ही या कार्याची एक उणी बाजू आहे, असे आज म्हटले पाहिजे. जी आवृत्ती प्रत्येक अनाम लेखनिकाच्या पाठभेदाला संकेताक्षर देते, तिने आपल्या जिवंत नोंदकारांना तेवढी ओळख दिली नाही.

५

या कार्यावर आक्षेप घेतले गेले नाहीत असे नाही. सिल्व्हँ लेव्ही यांच्यासारख्या थोर पंडिताने सुचविले की, मूळ पाठ शोधण्याचा नाद सोडून नीलकंठाचा प्रचलित पाठ छापावा आणि त्याला पाठभेद जोडावेत. पुढे मादलेन बियार्दो यांनी याहून मूलगामी शंका उपस्थित केली. जो ग्रंथ मौखिक परंपरेत वाढला, ज्याची प्रत्येक प्रदेशाने आपापल्या परीने पुनर्रचना केली, त्याला एक मूळ संहिता होती असे तरी का मानावे? प्रत्येक वाचना आपल्या जागी पूर्ण का नाही?

हा आक्षेप गंभीर आहे आणि भारतीय भाषांच्या अभ्यासकाला तो विशेष जवळचा वाटेल. संतवाङ्मयाच्या, लोकगीतांच्या पाठांचा विचार करताना हीच अडचण आपल्यापुढे उभी राहते. सुकथनकरांनी आपली संहिता ही व्यासांची मूळ संहिता असल्याचा दावा केलेला नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जाणे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तरीही वाचक मोठ्या अक्षरांतील मजकूर तेवढा ‘खरा’ धरतो आणि तळटीपा सोडून देतो, ही वस्तुस्थिती राहतेच. परंतु येथेही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बियार्दो यांचा आक्षेप तपासून पाहावयाचा झाला, निरनिराळ्या प्रदेशांच्या वाचना शेजारीशेजारी ठेवावयाच्या झाल्या, तर त्यासाठीही याच आवृत्तीच्या तळटीपांकडे यावे लागते. विरोधकालाही उपयोगी पडावे असे काम करणे, ही सामूहिक विद्याकार्याची उच्च कसोटी मानावयास हवी.

६

या कार्याने काय बदलले? पहिली गोष्ट, ‘महाभारत’ या शब्दाचा अर्थ. एकोणिसाव्या शतकात सुशिक्षितांच्या दृष्टीने महाभारत म्हणजे कलकत्त्याची किंवा मुंबईची छापील प्रत. आज अभ्यासक त्या नावाने अनेक लिप्यांतून, अनेक प्रदेशांतून वाहत आलेली एक परंपरा समजतो. दुसरी गोष्ट, पद्धतीचा प्रसार. सु. मं. कत्रे यांनी १९४१ मध्ये भारतीय पाठचिकित्सेवर ग्रंथ लिहून ही रीत शिकविण्याजोगी केली. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती हाती घेतली आणि ती १९७५ मध्ये पूर्ण झाली.

तिसरी गोष्ट, नव्या वाचनाची शक्यता. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले, ते या आवृत्तीच्या आधारावर. कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे माणसे म्हणून पाहताना कोणता प्रसंग जुन्या संहितेत आहे आणि कोणता मागाहून आला, याचे भान त्यांना ठेवता आले. व्हान ब्यूटेनन यांचे शिकागोचे अपूर्ण राहिलेले भाषांतर आणि बिबेक देबरॉय यांचे दहा खंडांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर, दोन्ही याच संहितेवर उभी आहेत. क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी संपूर्ण संहिता संगणकावर उतरविली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून शुद्ध केली. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने ताडून पाहावे, हा १९१९ नंतरच्या तक्त्यांचाच नियम येथे नव्या साधनांनी पाळला गेला.

आपल्या विद्यापीठांतून अभ्यासकाचे मोजमाप आज मुख्यतः त्याच्या एकट्याच्या नावावर निघालेल्या लेखांवरून होते. त्या मोजपट्टीवर तक्ता भरणारा शास्त्री शून्य ठरेल आणि उटगीकर अपयशी ठरतील. भारतीय भाषांतील कितीतरी हस्तलिखिते, कोश, मौखिक संहिता अशा अनेक हातांच्या कामाची वाट पाहत आहेत. ती कामे एखाद्या मोठ्या माणसाच्या उत्साहाने सुरू होतात आणि तो माणूस गेला की थांबतात, याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. पुण्याच्या उदाहरणावरून एवढे निश्चित सांगता येईल, की मोठे कार्य टिकविण्यासाठी तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात : प्रत्येकाने आपल्या ठिकाणी प्रामाणिकपणे काय नोंदवावयाचे, ती नोंद दुसऱ्याला वाचता येईल अशी कोणत्या चौकटीत ठेवावयाची, आणि जेथे खात्री नाही तेथे तसे उघड कसे सांगावयाचे. या तीन गोष्टी ठरल्या, म्हणजे पुढे येणारा माणूस कोणत्या प्रांताचा, कोणत्या भाषेचा, कोणत्या पिढीचा आहे, याने काम अडत नाही. नागमोडी रेघेपाशी तो येतो, मागच्याला कोठे शंका होती ते त्याला दिसते, आणि तेथून त्याचे काम सुरू होते.